ऑनलाईन पदवी घेताय? आधी बसायची जागा ठरवा

ऑनलाईन अभ्यासक्रमाला नाव घालायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती लॅपटॉपची. कुठला घ्यायचा, किती हजारांचा, हप्त्यावर मिळेल का? गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळीवर जाणारा मुलगा असो, की लग्नानंतर अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायला निघालेली गडहिंग्लजची गृहिणी असो, प्रश्न हाच असतो. प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला नाही. असे अभ्यासक्रम मध्येच सोडून देणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत. त्यांतली फार थोडी लॅपटॉपपायी थांबली. बाकीच्यांच्या घरात अभ्यासाची जागा आणि वेळ कुणी ठरवलीच नव्हती, त्यामुळे पहिले दोन-तीन स्वाध्याय हातातून गेले, आणि मग 'आता काय उपयोग' म्हणून पोर्टल उघडणंच बंद झालं. म्हणून यंत्राची तयारी सांगतोच, पण तिच्यापेक्षा जास्त जोर सवयींवर देणार आहे.

त्याआधी एक काम, आणि ते पैसे भरण्याआधीच करायचं. तुम्ही घेताय ती ऑनलाईन पदवी मान्यताप्राप्त आहे का, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. नुसतं विद्यापीठाचं नाव यादीत असून भागत नाही. तो विशिष्ट अभ्यासक्रम, ते विशिष्ट वर्ष आणि 'ऑनलाईन' हा प्रकार, तिन्ही जुळायला हवेत. मान्यता असलेली ऑनलाईन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, औषधनिर्माण, वास्तुशास्त्र, कायदा अशा विषयांची पदवी ऑनलाईन देताच येत नाही, आणि पीएच.डी.सुद्धा नाही. कुणी एजंट 'घरबसल्या इंजिनिअर करतो' म्हणाला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

आता अशा प्रवेशासाठी याच दूरशिक्षण विभागाचा डीईबी आयडी लागतो, आणि त्याच्याआधी क्रेडिट बँकेचा, म्हणजे एबीसीचा, बारा अंकी क्रमांक लागतो. तो डिजिलॉकरमधून निघतो. इथे आपल्याकडची नेहमीची अडचण आडवी येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी. एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत तर आडनावच बदललेलं. नावं जुळली नाहीत की क्रमांक अडकतो आणि प्रवेशाची मुदत निघून जाते. तेव्हा प्रवेश सुरू व्हायच्या दोन महिने आधी दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँकेचं पासबुक एकाशेजारी एक ठेवून नावाचं प्रत्येक अक्षर आणि जन्मतारीख ताडून बघा. दुरुस्ती असेल तर तेव्हाच करून घ्या. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का, तेही बघा. ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण व ऑनलाईन शिक्षण केंद्र विद्यापीठाच्या आवारात आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं विभागीय केंद्रही कोल्हापुरात आहे. फोनवर विचारत बसण्यापेक्षा एक दिवस रजा टाकून जा आणि चार गोष्टी विचारून वहीत लिहून आणा. परीक्षा केंद्रावर होणार की घरून कॅमेऱ्यासमोर? घरून असेल तर कुठल्या प्रकारचा संगणक चालतो? थेट तासांना हजेरी लागते, की रेकॉर्ड केलेली व्याख्यानं नंतर पाहिली तरी चालतात? अंतर्गत गुण कशाचे, आणि त्यांची पहिली तारीख कोणती? या उत्तरांवर तुमची पुढची सगळी खरेदी आणि सगळं वेळापत्रक ठरेल.

नेहमीच्या कॉलेजात शिकणाऱ्यांनीही हे वाचावं, कारण ऑनलाईन अभ्यासक्रम आता त्यांच्याही पदवीत शिरले आहेत. केंद्र सरकारचं स्वयम हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करण्याची मुभा विद्यापीठांना आहे. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था मिळून चालवतात ते एनपीटीईएलचे अभ्यासक्रम याच व्यासपीठावर आहेत. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. परीक्षेला मात्र वेगळी नोंदणी आणि वेगळं शुल्क लागतं, आणि त्या नोंदणीची मुदत अभ्यासक्रम चालू असतानाच संपते. 'मी नाव घातलंय की' म्हणून निर्धास्त राहिलेली मुलं नेमकी इथे चुकतात. एनपीटीईएलच्या गुणांची विभागणीही समजून घ्या: साप्ताहिक स्वाध्यायांना २५, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० मिळाले तरच प्रमाणपत्र. आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम सहा स्वाध्याय धरतात, बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ. म्हणजे एखादा आठवडा बुडाला तरी जग बुडत नाही. घरात लग्न निघालं, आजारपण आलं, कारखान्यात जादा पाळी लागली, तर त्या आठवड्यापुरतं सोडा आणि पुढचा धरा. हे माहीत नसल्यामुळे पहिल्या चुकलेल्या स्वाध्यायानंतरच पुष्कळ जण सगळं सोडून देतात. याचं मला फार वाईट वाटतं.

आता यंत्र. पदवीच्या ऑनलाईन अभ्यासाला महागडा लॅपटॉप लागत नाही. आठ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, चालू स्थितीतला कॅमेरा आणि माइक एवढं पुरतं. नवीन परवडत नसेल तर कंपन्यांनी बदलून काढलेले जुने लॅपटॉप राजारामपुरी-शाहूपुरीकडच्या दुकानांतून मिळतात, आणि ते वाईट नसतात. फक्त दुकानातच अर्धा तास बसून तपासा. चार्जर काढून बॅटरी किती वेळ तग धरते, बिजागरी सैल आहे का, कळफलकाचं प्रत्येक बटण उमटतं का, व्हिडिओ कॉल लावून समोरच्याला आवाज नीट जातो का, हे सगळं पाहा. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे, तेव्हा विंडोज ११ अधिकृतपणे चालेल असंच यंत्र घ्या. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. घरात जुना लॅपटॉप पडून असेल आणि तो सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेत असेल, तर तो भंगारात घालण्याआधी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून बघा. बऱ्याचदा एवढ्यावर काम भागतं. कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत अजिबात टाकून घेऊ नका, तिच्यातूनच व्हायरस येतात. लिब्रेऑफिस फुकट आहे आणि पदवीच्या कामाला पुरेसं आहे.

मोबाईलवरच सगळं करता येईल का, असं मुलं विचारतात. व्याख्यानं ऐकता येतील, स्वाध्यायातले बहुपर्यायी प्रश्न सोडवता येतील. पण दहा पानांचा प्रकल्प लिहिणं किंवा हिशेबाचा तक्ता मांडणं मोबाईलवर होत नाही, आणि घरून कॅमेऱ्यासमोर परीक्षा असेल तर मोबाईल बहुधा चालतच नाही. घरात लॅपटॉप येणं शक्य नसेल तर कुणाचा, कुठल्या दिवशी, किती वेळ मिळेल हे आधीच बोलून ठेवा. पैशाची ओढाताण असेल तर लॅपटॉपआधी माइक असलेला चांगला हेडफोन घ्या. पत्र्याच्या घरावर पाऊस कोसळत असताना, शेजारी टीव्ही चालू असताना शिक्षकांचं बोलणं कानात पोचायला हवं. ते पोचलं नाही तर पुढचं सगळं वाया आहे.

कोल्हापुरात पावसाचा विचार केल्याशिवाय ऑनलाईन शिक्षणाचं नियोजन होऊच शकत नाही. स्वयमचं एक सत्र जुलैत सुरू होतं, म्हणजे पहिले स्वाध्याय पडतात ते ऐन जुलै-ऑगस्टमध्ये, पंचगंगेचं पाणी वाढत असताना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत काय झालं ते चिखली-आंबेवाडीच्या आणि शिरोळ तालुक्यातल्या लोकांना सांगायला नको. वीज गेली, टॉवर बंद पडले, रस्ते तुटले. नदीकाठच्या गावातल्या विद्यार्थ्यांनी जूनमध्येच तीन गोष्टी कराव्यात. पहिल्या चार आठवड्यांची व्याख्यानं आणि वाचनसाहित्य मिळत असेल तेवढं उतरवून पेन ड्राइव्हवर आणि मोबाईलवर ठेवा. गुणपत्रिका, जातीचा दाखला, प्रवेशाची पावती डिजिलॉकरमध्ये किंवा गुगल ड्राइव्हवर चढवा. गुगल ड्राइव्हवर १५ जीबीपर्यंत जागा फुकट मिळते. आणि घर सोडायची वेळ आलीच तर लॅपटॉप, चार्जर आणि वह्या एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यायच्या, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगरी भागांत अडचण बाराही महिने असते. तिथे नेटवर्क 'आहे' म्हणणं पुरत नाही, ते घरात कुठे आणि किती वाजता आहे हे शोधावं लागतं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. पहाटे रेंज बरी मिळत असेल तर व्हिडिओ पहाटे उतरवून ठेवा आणि दिवसा नेट बंद करून पाहा. व्हिडिओचा दर्जा ३६० वर ठेवला तर तासाला साधारण तीनशे एमबीच्या आसपास डेटा जातो, ७२० वर तोच एक जीबीच्या घरात किंवा वर. शिक्षकांचा चेहरा स्वच्छ दिसला नाही तरी बिघडत नाही, फळ्यावरची अक्षरं वाचता आली की झालं. थेट तासाला तुमचा कॅमेरा बंद ठेवायची परवानगी मागून घ्या, म्हणजे आवाज तुटत नाही. घरी फायबर असेल तर राऊटरपुरता छोटा यूपीएस घ्या. वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर तास पुरा होतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेला समाज अशा एकेका समाजासाठी कोल्हापुरात बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या पोराचं शाळेत नाव घालून भागत नाही, त्याला राहायला, जेवायला आणि निवांत अभ्यासाला बसायला जागा लागते, हे त्या माणसाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. ऑनलाईन शिक्षणाने प्रवेशाचा प्रश्न सोपा केला, पण विद्यार्थ्याला परत घरात आणून बसवलं. त्या घरात सोफ्यावर पाहुणे आहेत, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी आहे, अंगणात म्हैस आहे आणि डेअरीला दूध घालायची वेळ झाली आहे. तेव्हा बोर्डिंगाने जे दिलं ते आता घरातच मिळवावं लागेल.

जागा मोठी नको. दोन बाय तीन फुटांचं टेबल, पाठ टेकायला खुर्ची, जवळ प्लग आणि पाठीमागे भिंत, जेणेकरून कॅमेऱ्यात मागची ये-जा दिसणार नाही. पलंगावर पडून व्याख्यान ऐकायचं नाही. हे मी फार आग्रहाने सांगतो, कारण आडवं पडल्यावर दहाव्या मिनिटाला डोळा लागतो आणि व्हिडिओ एकटाच पुढे जात राहतो. घरात खरोखरच जागा नसेल तर गावातली अभ्यासिका, कॉलेजचं ग्रंथालय, शहरात असाल तर १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर, यांची वेळ बघा. शिवाजी विद्यापीठाचे विद्यार्थी असाल तर तिथल्या बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात जाऊन तुम्हाला तिथे काय काय वापरता येतं हे विचारा. हक्काची गोष्ट न विचारल्यामुळे सोडून देऊ नका.

वेळेचंही तसंच. 'जमेल तेव्हा करीन' म्हणणाऱ्याला कधीच जमत नाही. पाळी असणाऱ्यांनी वेळापत्रक वारावर न बांधता पाळीवर बांधावं: सकाळची पाळी असेल त्या आठवड्यात संध्याकाळी सात ते साडेआठ, दुपारची असेल तर सकाळी आठ ते साडेनऊ, रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त हलकं वाचन. हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना दिसेल. विशेषतः घरातल्या मुलीच्या किंवा सुनेच्या अभ्यासाच्या वेळेला ताट वाढायला, पाणी द्यायला हाक मारायची नाही, हे घरातल्या कर्त्या माणसाने स्वतः सांगितलं पाहिजे. तिचं तिने सांगून चालत नाही, हे आपण सगळे जाणतो. घरात एकच लॅपटॉप असेल आणि भाऊ-बहीण दोघं शिकत असतील, तर दोघांच्या वेळा समान लिहा.

प्रत्यक्ष अभ्यास कसा करायचा, ते एका व्याख्यानावरून सांगतो. समजा वीस-पंचवीस मिनिटांचं व्याख्यान आहे. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. लॅपटॉपवर तेवढी एकच खिडकी उघडी ठेवा. वहीच्या वरच्या कोपऱ्यात तारीख, विषय आणि व्याख्यानाचा क्रमांक लिहा. आठ-दहा मिनिटांनी थांबवा, पडद्याकडे न बघता आतापर्यंत काय सांगितलं ते तीन-चार ओळींत आपल्या शब्दांत लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल. लिहिता आलं नाही तो भाग परत ऐका. संपल्यावर व्याख्यानावर दोन प्रश्न स्वतः काढून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि चार दिवसांनी त्यांची उत्तरं न बघता द्या. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहतं. व्हिडिओ दोनदा पाहण्यापेक्षा एकदा पाहून आठवणं जास्त कष्टाचं आहे, म्हणूनच ते उपयोगाचं आहे.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी व्याख्यानाची धास्ती वाटते. वेग ०.७५ वर ठेवा, खाली अक्षरं चालू करा. एनपीटीईएलच्या अनेक अभ्यासक्रमांचा लिखित मजकूर मिळतो, काहींचा मराठी अनुवादही मिळतो. आधी तो मजकूर चाळून मग व्याख्यान ऐका. पहिले दोन आठवडे जड जातात. त्या दोन आठवड्यांत पारिभाषिक शब्दांची एक वेगळी यादी वहीत केली, तर तिसऱ्या आठवड्यापासून तेच तेच शब्द कानावर यायला लागतात. मराठीत लिहायचे स्वाध्याय युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं तुमच्या पडद्यावर मराठी दिसतं आणि तपासणाऱ्याकडे चिन्हांचा गोंधळ होऊन पोचतं. टायपिंग येत नसेल तर गुगल डॉक्समध्ये मराठीतून बोलून लिहिता येतं, मात्र नंतर ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं हाताने तपासावी लागतात.

हाताने लिहिलेला स्वाध्याय पाठवायचा असेल तर साध्या गोष्टी आडव्या येतात. पानं रात्री ट्यूबलाइटखाली काढू नका, हाताची सावली पडते. सकाळी खिडकीपाशी, टेबलावर पान सपाट ठेवून, स्कॅनच्या ॲपने काढा. प्रत्येक पानावर आसनक्रमांक आणि पान क्रमांक लिहा. एकच पीडीएफ करा, ती उघडून पानं उलटी तर नाहीत ना, क्रम बरोबर आहे ना, ते बघा. पोर्टलवर आकाराची मर्यादा असते. फाइल मोठी झाली असेल तर आदल्या दिवशीच लहान करून ठेवा. फाइलला 'फायनल', 'फायनल नवीन' असली नावं देऊ नका. आसनक्रमांक, विषय आणि स्वाध्याय क्रमांक एवढं नाव पुरे. शेवटच्या रात्री अकरा वाजता सगळे एकदमच पोर्टलवर तुटून पडतात आणि ते अडकतं, म्हणून दिलेल्या मुदतीच्या दोन दिवस आधीची तारीख हीच खरी मुदत समजा. फाइल चढली की पोचपावतीचा फोटो काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. निकालात 'गैरहजर' आलं तर बोलायला तोच एक पुरावा असतो.

शेवटची विनंती विद्यार्थ्यांना नाही, पेठांतल्या आणि गावागावांतल्या तालीम मंडळांना आणि तरुण मंडळांना आहे. तुमच्याकडे खोली आहे, वीज आहे, वर्गणी गोळा करायची ताकद आहे. एक फायबर जोडणी, सहा टेबलं, सहा प्लग आणि संध्याकाळी सात ते दहा शांतता एवढं या वर्षीच्या खर्चात बसवा, आणि त्यात दोन जागा मुलींसाठी राखून ठेवा. महिन्याचा खर्च मंडळाच्या एका दिवसाच्या मांडवापेक्षा कमी येईल.